जोडू का सोडू

"जोडू का सोडू?" शिडीवरून बन्सीधर रंगाऱ्यानं तिसऱ्यांदा विचारलं.

पाटीवरची उर्दू ओळ रंगवून झाली होती. ती निजामाच्या कचेरीतल्या मुन्शीनं कागदावर काढून दिलेली, तेव्हा तिच्यावर वाद घालायची कुणाची टाप नव्हती. घोडं अडलं ते मराठीवर. 'पीठ' तेवढं वाळत होतं. पुढची 'गिरणी' त्याला चिकटवायची की मधे जागा सोडायची?

"समास आहे तो," दिनकरराव मास्तर म्हणाले. "एकच शब्द. आगगाडी लिहिताना आग वेगळी अन् गाडी वेगळी करता का तुम्ही?"

"समास ऱ्हाऊ द्या मास्तर. दोन केले की पाटी भरल्यावानी दिसती," वीरभद्र म्हणाला. "लांबून वाचता आली पायजे."

पालमच्या बाजारपेठेत त्या दिवशी दुसरं काही काम नसावं. जाणारा-येणारा थांबून मत देत होता.

मल्लम्मा मागे गिरणीच्या ओट्यावर बसली होती. गिरणी तिच्या नवऱ्याची, शिवाप्पाची. तो तापानं गेला त्याला अकरा दिवस झाले होते. घरच्याच शेतात त्याला मांडी घालून बसवलं, भस्म लावलं, माती लोटली, आणि माणसं घरी परतली. तेव्हापासून तिला काही वाटेनासं झालं होतं. भूक नाही, रडू नाही. हातातला चहा गरम की गार तेही कळत नव्हतं. याची भीती वाटायला हवी होती, पण तीही वाटत नव्हती. बायका म्हणत, बाई मोठी खंबीर. खंबीर कसली, बधिर झाली होती.

कामाला लागला होता तो धाकटा दीर वीरभद्र. त्यानं गिरणीला कुलूप घातलं, किल्ली करदोट्याला बांधली आणि मानवतचा एक व्यापारी इंजनासकट गिरणी घ्यायला तयार केला. तो उद्या येणार होता. पाटी असली की धंदा चालता दिसतो, म्हणून भावानं जिवंतपणी सांगून ठेवलेली पाटी आज रंगत होती. वहिनीला त्यानं विचारलं नव्हतं असं नाही. ती बोलली नाही, त्यानं तो होकार धरला. गिरणी गेली की तिनं दिराच्या घरी यायचं आणि जावेच्या हाताखाली भाकरी थापायच्या, हेही त्या होकारातच आलं.

"अक्का, तुमीच सांगा," बन्सीधर वैतागून म्हणाला. "मालकाच्या मनात काय व्हतं? जोडू का सोडू?"

मल्लम्मानं मान वळवून दाराकडे पाहिलं.

इंजन आलं त्या दिवशी शिवाप्पानं दारावर खडूनं लिहिलं होतं. एका फळीवर पीठ, दुसरीवर गिरणी. तिला वाचता येत नसे, पण हे दोन शब्द त्यानं बोट ठेवून शिकवले होते. दार बंद होतं, म्हणून आज ते एकमेकांना चिकटून होते. अकरा दिवस तसेच होते. एरवी दिवसा ते असे कधी दिसलेच नव्हते. फळ्या आत ढकलल्या की पीठ या अंगाला जायचं, गिरणी त्या अंगाला, आणि मधून बाया टोपली घेऊन आत-बाहेर करायच्या.

ती उठली. दिरापुढं हात केला.

"किल्ली द्या, भावजी."

"आत्ता? वैनी, आसं सुतकात गिरणी..."

"आपल्यात सुतक नसतंय."

लिंगायतांच्या घरात सुतक पाळत नाहीत, हे मास्तरांनाही ठाऊक होतं. वीरभद्राला तर चांगलंच ठाऊक होतं.

"उद्या मानवतचा मानूस यायलाय," तो म्हणाला.

"येऊ द्या. संगं ज्वारी आणा म्हणावं."

शेजारची बायनाबाई रोज टोपलं घेऊन यायची आणि कुलूप पाहून घरच्या जात्याकडे परत जायची. आज तिनं टोपलं ओट्यावर टेकवलं आणि उभी राहिली. तिच्यामागं आणखी दोघी येऊन उभ्या राहिल्या. एवढ्या बायकांसमोर नाही म्हणायचं कसं? वीरभद्रानं करदोट्याची गाठ सोडली.

मल्लम्मानं कुलूप काढलं आणि दोन्ही हातांनी दार ढकललं. शब्द दोन बाजूंना गेले. मधून ती आत गेली.

बन्सीधरनं ते पाहिलं, कुंचला बुडवला आणि 'पीठ'च्या पुढं चांगली चार बोटं जागा सोडली. मास्तर हळहळले.

आत तिनं रोजच्यासारखं इंजनाच्या टाकीत पाणी ओतलं. पट्टा चढवला.

"भावजी, हांडल मारा."

"मी?"

"त्यांचे भाऊ न्हव तुमी?"

वीरभद्रानं हांडल मारलं. दोनदा इंजन नुसतंच फुसफुसलं. तिसऱ्यांदा धरलं, आणि पत्रे थरथरायला लागले.

बायनाबाईची ज्वारी तिनं वर ओतली. कापडी तोंडातून पीठ पडायला लागलं. शिवाप्पा दर दळणाला तिथं हात धरायचा, चिमटीत पीठ चोळून पाहायचा आणि मग दगड सैल करायचा किंवा आवळायचा. त्याच्या जागी मल्लम्मानं हात धरला.

"बारीक हाय का गं?" बायनाबाईनं इंजनाच्या आवाजात ओरडून विचारलं.

मल्लम्मा चिमटी चोळत राहिली. मग तिनं सगळा तळवाच धारेखाली धरला.

"ऊन हाय," ती म्हणाली.