मधला आकडा

शलाका गृहपाठाची वही घेऊन टेबलापाशी आली. "सर, तुम्ही मध्यक बारा सांगितलात. शाळेतल्या बाई नऊ म्हणतात."

मी वही अख्ख्या क्लासला दाखवली. "बाईंनाही आपल्या क्लासला घालू या!" पोरं खो-खो हसली. फळ्यावर ९, ४, १२, १५, ७ लिहून मी मधल्या बारावर ऐटीत गोल मारला.

"पण आकडे आधी चढत्या क्रमाने लावायचे ना, सर?" शलाका म्हणाली.

माझे कान तापले. वीस वर्षं मीच हे शिकवतोय. "शाब्बास! मुद्दाम चुकलो होतो. म्हटलं, बघू कोण पकडतं." पोरांनी टाळ्या वाजवल्या.

शलाकाने नाही वाजवल्या. "मग आपण बाईंना हसलो, सर, तेही मुद्दामच का?"