बारा खंडांचा क्रम

इसवी सन २०७१, मार्गशीर्ष शुद्ध नवमी, सकाळचे नऊ. स्थळ सोलापूर येथील स्मृतिचिकित्सालय.

"निनाद, ईशानला शाळेतून आणलंस का?" मृण्मयीबाईंनी डोळे उघडताच नवऱ्याला विचारले.

ईशान वारल्याचे त्यांना आठवत होते. परंतु आजच्या मांडणीत ते त्याच्या जन्माआधी घडले होते, म्हणून त्या त्याची वाट पाहत होत्या. मेंदूतील रक्तस्रावातून यंत्राने त्यांच्या स्मृतीचे बाराही खंड वाचवले. हरवला तो केवळ त्यांचा क्रम. रोज सकाळी एक नवी मांडणी जोडली जाई, आणि एकही खंड चुकला तरी संध्याकाळपर्यंत सारे विस्कटे.

"लग्न, ईशानचा जन्म, त्याचा मृत्यू," निनाद खळदकर बाहेर येऊन चिडून म्हणाले, "एवढा क्रम मी सांगतो की! तो तरी धरा."

"उद्यापासून तो धरला तरी, काका," डॉक्टर अत्तार म्हणाल्या, "सत्तेचाळीस कोटी नव्वद लाख मांडण्यांचा सहावा हिस्सा उरतो. जवळजवळ आठ कोटी. दिवसाला एक."

"आणि बाकीचे नऊ खंड?"

"एक विहीर आहे. कुणाचं तरी हसणं आहे. एक मोठं आजारपण. यांतलं आधी काय?"

"लग्नाआधीचं असेल ते सगळं. मी कधी विचारलं नाही तिला."

"माहेरचं कुणी?"

"आता कुणी नाही."

आतून मृण्मयीबाईंची हाक आली, "डॉक्टरांना जेवूनच जायला सांग रे. ईशान येईलच इतक्यात."

डॉक्टरांनी दार हलकेच ओढून घेतले.

"काका, मावशींना घरी न्या. हा क्रम सापडणार नाही."