शब्दाचं माहेर

"ह्या शब्दाचा अर्थ काय हो?" मालुबाईनं कागदाचा तुकडा पुढं केला.

इंग्रजी तिला येत नव्हतं. वडगावात तीस वर्षं मागावर बसलेली बाई. साडीच्या काठाची नक्षी उतरवावी तशी तिनं अक्षरं उतरवली होती.

तिच्या नवऱ्यानं, गुंडू मास्तरांनी चष्मा लावला. "कुठं बघितलास?"

"औषधाच्या दुकानात."

"कार्सिनोमा. म्हंजे सूज. गोळ्यांनी उतरती."

"आणि माहेर?"

मास्तरांची ही जुनी खोड. शब्द कुठल्या देशातून आला, मूळचा काय होता, हे सांगितल्याशिवाय ते कुणाला सोडत नसत. त्याला ते शब्दाचं माहेर म्हणत. मग वहीत तारीख घालून टिपून ठेवत.

"ह्याला माहेर न्हाय गं. पोरका शब्द हाय." वही त्यांनी उघडलीच नाही.

तो गुरुवार होता. आदल्या दिवशी दुपारी तिनं मास्तरांचा रिपोर्ट आणून तांदळाच्या डब्यात खोल दडवला होता. त्यात हा एकच शब्द ठळक होता. डॉक्टर सोमवारी भेटणार होते. तोवर काही वाईट असेल तर ते मास्तरांच्या कानावर जाऊ नये, एवढंच तिला हवं होतं. रिपोर्ट सोमवारीच मिळणार, असं तिनं सांगून टाकलं होतं.

सूज. मास्तरांनी बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, चुकीचा अर्थ कधी सांगितला नाही. तिला हायसं वाटायला हवं होतं. बुधवारपासून तिला काहीच वाटत नव्हतं. हात तेवढे माग चालवत होते.

एकच शब्द विचारून गप्प बसलं तर संशय यायचा. म्हणून शुक्रवारी तिनं 'विंडो' विचारला.

"वाऱ्याचा डोळा!" मास्तर खुलले. "लई उत्तरेकडचं माहेर हिचं."

शनिवारी 'मसल'.

"उंदराचं पिल्लू. आपण दंडात बेटकुळी म्हणतो, त्यांनी उंदीर म्हटलं." त्यांनी दंड वळवून दाखवला. बेटकुळी काही आली नाही. दोघंही हसली.

"तुमचा भात खाऊन माझीबी गेली," ती म्हणाली. बुधवारी संध्याकाळी ती साडी पोचवून आली, तर मास्तरांनी हौसेनं भात टाकला होता. निम्मा कच्चा.

सोमवारी रिक्षा दारात आली. मास्तर आत सदरा घालत होते. तिनं डब्यातून रिपोर्ट काढून पिशवीत घातला. दवाखान्यात बसून त्यांना लिहायला लागतं म्हणून वहीही घेतली, आणि उंदीर पुन्हा वाचावा म्हणून उघडली.

शनिवार, मसल. शुक्रवार, विंडो. त्याच्या वर आणखी एक नोंद होती, मास्तरांच्या वळणदार अक्षरात.

'कार्सिनोमा. माहेर ग्रीस. मूळ अर्थ खेकडा. मराठीत कर्करोग.'

तारीख बुधवारची होती.