केशरी सॅटिन

बोट धक्क्यावरून सुटली आणि मास्तरांना जागेवर बसवेना.

"बाबा, टेप," लेक म्हणाली. कपड्यांची मापं घ्यायचा टेप त्यांच्या गळ्यातच लोंबत होता. दुकानातून उठून ते तसेच आले होते. त्यांनी तो खिशात कोंबला, परत बाहेर काढला आणि शेवटी गळ्यात टाकला. मोकळ्या गळ्याने त्यांना चैन पडत नसे.

पैज बायकोने लावली होती. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती चौथ्या मजल्यावर पलंगाला खिळून होती. तुम्ही दुकानात असता तेव्हा मी चालते, असं ती रोज सांगायची. मास्तरांचा विश्वास नव्हता. ते वर आले की हिचे पाय नेमके दुखायला लागत. त्यांनी दुकानामागची खोली झाडूनपुसून ठेवली होती आणि उद्या पलंग खाली न्यायला माणसं येणार होती. खोली सोयीची होती. फक्त तिला खिडकी नव्हती.

"तुम्ही समोर उभे राहिलात की मलाच पडायची भीती वाटते," ती म्हणाली होती. "तुमचा चेहराच तसा होतो. तुम्ही जा त्या संध्याकाळच्या बोटीत. रोज भोंगा वाजवत आपल्यासमोरून जाते. मी खिडकी उघडून कापड लावते. दिसलं, तर पलंग इथंच राहील."

"आणि नाही दिसलं तर?"

"तर मुकाट्याने खाली येईन. आणि मधे फोन करायचा नाही. फोनवर मी काय, काहीही सांगेन."

कापड मास्तरांनीच निवडलं. बायकोचं शिलाई मशीन ऑपरेशनपासून दुकानात नुसतंच पडून होतं. त्यावर झाकलेलं केशरी सॅटिन. ट्यूबलाइटखाली ते असं पेटलेलं दिसे की डोळे दिपावेत. शेजारीणबाईंना सोबतीला बसवलं, पण तिला हात लावायचा नाही अशी तंबी देऊन.

बोट दीपगृहाला वळसा घालून निघाली आणि शहर कापडाच्या ताग्यासारखं उलगडत गेलं. घड्याळाचा मनोरा, बाग, गच्च्यांवर वाळत घातलेले कपडे. मास्तर या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालत होते. उभा जन्म या शहराचे कपडे शिवण्यात गेला, पण ते असं समोर ताठ उभं राहिलेलं त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. हसू आवरत नव्हतं. एव्हाना अख्ख्या बोटीला त्यांच्या बायकोचा खुबा तोंडपाठ झाला होता.

"केशरी बघायचं हं," ते सगळ्यांना बजावत होते. "चौथा मजला."

बोटवाल्याने आपली दुर्बीण त्यांना देऊन टाकली. वारा केसांत शिरत होता, सूर्य पाण्याला टेकायला आला होता, आणि मास्तरांची इमारत पुढ्यात येत होती.

ती आली. तिच्या शेजारचीही आली. आणि किनाऱ्यावरच्या झाडून सगळ्या खिडक्या एकदम पेटल्या.

"मास्तर," मोठी टोपी घातलेल्या एक बाई म्हणाल्या, "सगळंच केशरी आहे हो."

मास्तरांनी दुर्बीण इकडून तिकडे फिरवली. भिंती केशरी, काचा केशरी, पाणीसुद्धा केशरी. रंग ट्यूबलाइटखाली ठरवू नका, बाहेर उन्हात नेऊन बघा, हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आले होते. स्वतःच्या बायकोच्या वेळी मात्र दुकानाची पायरीसुद्धा उतरले नव्हते.

"मी आईला फोन करते," लेक म्हणाली.

"नाही. ठरलंय आमचं."

दुर्बिणीतून नुसता जाळ दिसत होता. आणि तेव्हा त्यांना कळलं की ही पैज आपल्याला जिंकायचीच नाहीये. सपशेल हरायचंय.

"जरा हळू घ्या ना," ते बोटवाल्याला म्हणाले.

"याहून हळू घेतली तर झोपेल ती," बोटवाला म्हणाला. पण त्याने इंजिन मंद केलं आणि भोंगा दाबून धरला. भोंगा वाजतच राहिला.

चौथ्या मजल्यावर एक खिडकी विझली.

मग पेटली. परत विझली. सगळ्या काचा शांत जळत होत्या आणि ही एकच उघडझाप करत होती.

"ती बघा," टोपीवाल्या बाई ओरडल्या आणि त्यांनी दंड धरून मास्तरांना वळवलं.

मास्तरांच्या हातात दुर्बीण नाचायला लागली. लेकीने त्यांचे कोपर घट्ट धरले तेव्हा कुठे बायको दिसली. ती उभी होती. एका हाताने चौकट धरून दुसऱ्या हाताने खिडकीचं काचेचं दार उघडत होती, मिटत होती. सॅटिन खिडकीखाली पूर्ण उलगडून लोंबत होतं आणि भिंतीच्या रंगात पार जिरून गेलं होतं. मागे शेजारीणबाई, दोन्ही हात पाठीशी बांधून.

बोटीवर टाळ्या पडल्या. मास्तरांनी गळ्यातला टेप काढला आणि डोक्यावर धरून फरफर फिरवायला सुरुवात केली.

"बस गं आता जरा," ते पुटपुटत होते. "हात भरून येईल."

"हरलात, मास्तर," बोटवाला म्हणाला.

"हरलो की," मास्तर म्हणाले. टेपच्या टोकाने त्यांनी डोळे पुसले. मग लेकीकडे वळले.

"उद्याच्या त्या माणसांना सांग, या म्हणावं. पलंगाला हात लावायचा नाही. हिचं मशीन वर चढवायचंय. खिडकीपाशी."

"खिडकीपाशी कशाला?"

"रंग तिथे बरोबर दिसतात."