सोडलेला कोपरा

निवाऱ्याची कार्यकर्ती कुत्र्याला परत न्यायला आली, तेव्हा बैठकीच्या खोलीत खडूने आखलेली एक रेघ तिला ओलांडावी लागली.

"हे काय, काका?"

"त्याची हद्द," निवृत्त मोजणीदार म्हणाले. "मी ठरवलेली नाही. तीन आठवडे तो जिथं जिथं वळला, तिथं खूण केली. मग खुणा जोडल्या."

तपकिरी कुत्रा आकृतीच्या आत उभा होता. घरात त्याला सगळे पाहुणा म्हणत. खोली अठरा फूट लांब होती आणि दार उघडे होते. पाहुणा आठ फूट चालला, काहीच नसलेल्या जागी थबकला आणि वळला. वाटी आत सरकवली तरच तो खाई. बाहेर न्यायचे तर उचलून न्यावे लागे. त्याला पाहायला आलेली दोन कुटुंबे एवढे पाहूनच माघारी गेली होती. तात्पुरत्या सांभाळाची मुदत आज संपत होती. साठ कुत्र्यांसाठी बांधलेल्या निवाऱ्यात एकशे चाळीस कुत्री होती, आणि अशा परत आलेल्या कुत्र्याला पुन्हा घर मिळण्याचे उदाहरण कार्यकर्तीला आठवत नव्हते.

"पिंजऱ्याची भीती," ती अर्ज काढत म्हणाली. "काहींची जात नाही. शेऱ्यात तेच लिहिते."

"मलाही तसंच वाटलं होतं. पिंजरा केवढा असतो तुमचा?"

"सहा बाय आठ."

"हीसुद्धा सहा बाय आठ आहे. इंचभर इकडेतिकडे." मोजणीदारांचा सूर तक्रारीचा होता. "मग हा कोपरा कुठला?"

आकृतीच्या एका कोपऱ्यात रेघ आत वळली होती. दोन फूट बाय तीन फुटांचा तुकडा बाहेर राहिला होता.

"पिंजऱ्याला अशी खाच आहे का?"

"नाही. सगळे सरळ चौकोनी."

"मग हा तुकडा तो का सोडतो? तिथं एकदाही पाय टाकलेला नाही. बिस्किट ठेवून पाहिलं. चप्पल ठेवून पाहिली."

"माझी नवी चप्पल," स्वयंपाकघराच्या दारातून त्यांची थोरली बहीण म्हणाली. "संशोधनासाठी. निष्कर्ष काय, तर चप्पल शाबूत राहिली."

"अक्का, मधे बोलू नकोस."

"तीन आठवडे मधूनच चालतेय मी. बोलायला काय जातं?"

कार्यकर्ती आकृतीभोवती फिरली. एका आखूड बाजूशी येऊन, पिंजऱ्याच्या दारात रोज उभी राहते तशी उभी राहिली. मग तिने अर्ज खाली घेतला.

"तिथं आजी असते."

"कोण आजी?"

"म्हातारी कुत्री आहे. दोन्ही डोळे गेलेत. एकेका पिंजऱ्यात आम्हाला चार-चार ठेवावी लागतात. बाकीची बदलत राहतात. ती कोपऱ्यातून हलत नाही. जेवणसुद्धा तिथंच नेऊन देतो. कुणाचा नुसता धक्का लागला तरी कितीतरी वेळ थरथरत असते."

"तिला कुणी मागितलं नाही?"

"कोण मागणार, काका?"

पाहुणा कोपऱ्याशी पोहोचला. आत वळलेल्या रेघेलगत गेला आणि पुन्हा मूळ वाटेला लागला.

"म्हणजे त्याला तिची आठवण येते," कार्यकर्ती हळू आवाजात म्हणाली.

"तसं त्यानं कुणाला सांगितलेलं नाही. आपल्याला दिसतं एवढंच, की ती नसतानाही तो तिची जागा सोडतो. तो भिंतींना घाबरतो, की तिला धक्का लागू नये म्हणून जपतो, हे इथं बसून कळायचं नाही." मोजणीदारांनी अर्जावर हात ठेवला. "शेरा आज लिहू नकोस. आजीला आणता येईल?"

"येईल की. पिंजऱ्यातली आणखी एक जागा मोकळी होईल. पण तुम्हाला दोन-दोन..." तिने अक्काकडे पाहिले.

"माझ्याकडे काय बघतेस? पाहुणा आणला तेव्हा तरी कुठं विचारलं होतं यानं? आता निदान माझ्या वयाचं कुणी येतंय."

तासाभराने कार्यकर्तीने आजीला दाराच्या आत खाली ठेवले. आजीने नाक वर केले. खडूच्या रेघा तिच्या लेखी नव्हत्याच. तिचा खांदा टेबलाच्या पायाला लागला; ती बराच वेळ थरथरली. मग भिंतीला अंग घासत पुढे गेली, सोडलेल्या कोपऱ्याजवळ न थांबता पार पलीकडच्या खिडकीपर्यंत पोहोचली आणि उन्हात आडवी झाली.

पाहुणा रेघेशी उभा होता. इथून तो तीन आठवडे वळत आला होता.

त्याने एक पाय रेघेपलीकडे टाकला. मग दुसरा. टेबलाला वळसा घालून तो सरळ खिडकीकडे गेला, आणि आजीपासून काही अंतरावर, काहीच नसलेल्या जागी, थबकला. तिच्या पायांकडून फिरून डोक्याच्या बाजूला गेला. तिथेही तसाच थांबला आणि खाली बसला.

"भीती गेली," कार्यकर्ती पुटपुटली. "लिहू?"

"थांब जरा."

मोजणीदार गुडघ्यांवर बसले. पाहुणा जिथे जिथे थबकला होता, तिथे त्यांनी खडूने खूण केली आणि भिंतीपासून टेप लावली.

"दोन फूट."

लांबीची बाजू एकट्याने मोजता येईना. अक्का टेपचे दुसरे टोक धरायला निघाली, आजीला वळसा घालून पलीकडे गेली आणि हळूच खाली वाकली.

"तीन," तिने वाचले.