सावल्या बंद

भर दुपारी घमापुरच्या घरात हेमचंद्रचा कॉम्प्युटरवरचा गेम पुन्हा अडखळू लागला. तेवढ्यात आतल्या खोलीतून अंथरुणाला खिळलेल्या आईनं हाक मारली, "हेमू, पाणी दे रे."

"येऊन राहिलो ना!" तो चिडून ओरडला आणि ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन त्यानं सावल्या बंद केल्या.

गेम सरसर पळू लागला. झाडांच्या, घरांच्या, माणसांच्या सावल्या पुसल्या गेल्या. नदीकाठी मात्र एक उरली. तिथं माणूस कुणीच नव्हतं. नुसती सावली वाकून ओंजळीनं पाणी पीत होती.

त्यानं सेटिंग पुन्हा पाहिली. सावल्या बंदच होत्या.

आईच्या हाका थांबल्या होत्या. त्याला बरंच वाटलं.

मग बाहेरून येऊन आईच्या खोलीत गेलेली त्याची बायको मीरा किंचाळली, "अहो, आई बोलून नाही राहिल्या!"

पडद्यावर सावली सरळ झाली आणि तिनं रिकामी ओंजळ त्याच्यापुढे धरली.