एक कान बाहेर

खाली शाळेच्या पूलकारचा हॉर्न तिसऱ्यांदा वाजला आणि अजेयने बाथरूमची कडी आतून लावून घेतली.

"माझा पोट दुखतोय," तो आतून म्हणाला. चार वर्षं कोलकात्यात काढल्यावर त्याचं मराठी असंच झालं होतं. एरवी त्याच्या आईने, केतकीने, त्याला सुधारलं असतं. आज ती दाराला कान लावून उभी राहिली. आत नळ वाहत नव्हता, रडण्याचाही आवाज नव्हता. चौथा हॉर्न झाला आणि शाळेची ती गाडी बागबाजारच्या गल्लीतून निघून गेली. मग कडी निघाली.

दहा वर्षांचा मुलगा. महिन्याभरातली ही अकरावी दांडी.

केतकीने करायचं ते सगळं केलं होतं. आंघोळीच्या वेळी त्याची पाठ, दंड, मांड्या निरखून पाहिल्या. कुठे वळ नव्हता. वर्गशिक्षिकेला भेटली. त्या म्हणाल्या, त्याचं मुलांशी छान जमतं, फुटबॉल म्हटलं की पुढे असतो. पूलकारच्या ड्रायव्हरकडे तिने इतकं रोखून पाहिलं की तो बिचारा गोंधळला. कुणी मारलं का, कुणी अंगाला हात लावला का, कुणाला सांगू नकोस म्हणून कुणी धमकावलं का. जे तोंडातून काढायलाही तिला भीती वाटायची, ते सगळं तिने विचारलं. अजेय नुसती नकारार्थी मान हलवायचा. "मला घरी राहून शिकायचंय," एवढंच म्हणायचा.

शेवटी मंदार, तिचा नवरा, म्हणाला, "ऑनलाइन शाळेत घालू. एक आठवडा चाचणी असते. जमलं तर इथून नाव काढून टाकू." तो बराकपूरला सरकारी नोकरीत होता. सकाळी आठला बाहेर पडला की अंधार पडल्यावरच घरी यायचा.

सोमवारी चाचणीचे वर्ग सुरू झाले आणि अजेयचं पोट दुखायचं थांबलं. केतकीला एक दिवस बरं वाटलं. एकच दिवस.

त्याच्या खोलीत टेबल होतं, दार लावून घेतलं की शांतता होती. त्याने मात्र लॅपटॉप हॉलमध्ये आणून ठेवला. तिथून सगळं घर दिसायचं. हेडफोन तो एकाच कानावर लावायचा, दुसरा कान मोकळा. बेल वाजली की दचकायचा. बुधवारी ऑनलाइनच्या बाईंचा निरोप आला: मुलगा हुशार आहे, पण हाक मारली तर ऐकू जात नाही, सारखा मान वळवून कुठेतरी बघत असतो.

कुठे बघतो? कुणाची चाहूल घेतो? गुरुवारी दुपारी केतकीने गल्लीकडच्या खिडक्या बंद केल्या आणि मुख्य दाराची वरची कडी लावली.

"वरची कडी नको लावूस!" अजेय खुर्चीतून उठून ओरडला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"का रे? कुणी येणार आहे का?"

खुर्चीवर चढून त्याने स्वतःच कडी काढली. त्या रात्री केतकीला झोप लागली नाही.

शुक्रवारी दुपारी मंदारचा फोन आला. "अर्ज भरलास का? पाचपर्यंतच मुदत आहे." तिने मोबाइलवर अर्ज उघडला. ऑनलाइन शाळा का निवडत आहात, असा एक रकाना होता. त्यात काय लिहावं ते तिला सुचेना. विचार करतच ती चहा ठेवायला उठली. वरच्या फळीवरचं पातेलं हातातून निसटलं आणि फरशीवर आपटलं.

त्याचा आवाज विरायच्या आत अजेय स्वयंपाकघराच्या दारात होता. हेडफोन गळ्यात लोंबत होता. हातात लँडलाइनचा रिसीव्हर होता, वायर ताणलेली, आणि तो धापा टाकत होता.

"तू पडलीस ना?"

"पातेलं पडलं रे. मी कशाला पडेन?"

त्याचा विश्वास बसला नाही. जवळ येऊन त्याने तिचं कपाळ, हात, कोपर चाचपून पाहिलं. "त्या दिवशीसारखी?"

"कोणत्या दिवशी?"

"मी बेल वाजवत होतो. खूप वेळ. मग दाराला पत्रं टाकायची फट आहे ना, तिच्यातून बघितलं. तू इथे खाली पडली होतीस. मी ओरडलो तरी उठली नाहीस. मग उठलीस, तोंड धुतलंस, दार उघडलंस. म्हणालीस, डोळा लागला होता."

केतकी ओट्याला टेकली. दोन महिने झाले होते त्याला. नंतर आणखी एकदा असंच झालं होतं. उन्हाने झालं असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती. डॉक्टर काय सांगतील या भीतीने ती गेली नव्हती, मंदारलाही बोलली नव्हती. घरात कुणाला ठाऊक नाही, असंच ती धरून चालली होती.

"शाळेतून तू दिसत नाहीस," अजेय म्हणाला.

तिने त्याच्या हातातला रिसीव्हर घेतला. मंदारचा नंबर लावला आणि अजेयच्या देखत, काही न लपवता, दोन्ही वेळचं सगळं सांगितलं. मंदार म्हणाला, "आत्ता निघतो. डॉक्टरांकडे आजच जाऊ. एकटी राहू नकोस."

ती समोरच्या घरातल्या काकीमांकडे गेली. त्यांना दाराची दुसरी चावी दिली आणि का दिली तेही सांगितलं. वरची कडी आता लावणार नाही, म्हणजे चावीने बाहेरून दार उघडता येईल, असंही म्हणाली. काकीमांनी चावी पदराला बांधली आणि तिला धरून आणून खुर्चीत बसवलं.

अजेय हे सगळं बघत होता. हॉलमध्ये लॅपटॉपवर बाई त्याचं नाव घेत होत्या, तिकडे त्याचं लक्ष नव्हतं. तो आईच्या जवळ आला आणि त्याने हळूच विचारलं,

"मग आई, आता मी सोमवारी शाळेत जाऊ?"